रायफल निघाली परदेशी

अमेरिकेतून दक्षिण आफ्रिकेला शिकारीसाठी निघालेल्या माणसासमोर तिकिटांचे ढीगभर पर्याय असतात. अटलांटाहून जोहान्सबर्गला थेट विमान आहे, नेवार्कहूनही आहे. युरोपमार्गे जाणारी तर कितीतरी. नुसती बॅग घेऊन जाणारा माणूस त्यातलं स्वस्त तिकीट उचलतो नि मोकळा होतो. रायफल सोबत असली की सगळा हिशेबच फिरतो. समजा, त्यानं ॲमस्टरडॅममार्गे जायचं ठरवलं. तिथे तो विमानतळाबाहेर पाऊलही टाकणार नाही, पेटी एका विमानाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाणार. तरीही डच कस्टमच्या ग्रोनिंगेन शहरातल्या कार्यालयाकडून आधी संमती आणावी लागते. ती नसेल तर पेटी अडकून पडते आणि मालक रिकाम्या हातानं जंगलात पोचतो.

म्हणून जाणकार शिकारी तिकिटाचा दर नंतर बघतात. आधी बघतात ते एवढंच, की वाटेत पेटी किती देशांत टेकणार. जितके थांबे तितके कायदे, आणि एकाचा कायदा दुसऱ्यासारखा नाही. या विषयात शिरलं की एकेक गंमत अशी निघत जाते, की ज्यानं आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही त्यालाही पुढची ऐकावीशी वाटते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपवले. पण रायफल घेऊन जगभर हिंडणारी मराठी माणसं आजही आहेत. त्यांच्याकडे येऊच.

किल्ली फक्त मालकाकडे

अमेरिकेत विमानतळावर दिलेली कुठलीही बॅग सुरक्षा कर्मचारी उघडून बघू शकतात. त्यासाठी त्यांना उघडता येतील अशी खास कुलपंही बाजारात मिळतात. बंदुकीची पेटी मात्र याला अपवाद! तिथे नियम असा की पेटी कडक कवचाची हवी, बंदूक रिकामी हवी, पेटीला कुलूप हवं आणि त्याची किल्ली किंवा आकडा फक्त प्रवाशाकडे हवा. तपासायचं असेल तर त्यालाच बोलावून उघडायला लावतात. काउंटरवर गेल्या गेल्या ‘माझ्या सामानात बंदूक आहे’ हे स्वतःहून सांगायचं, दरवेळी सांगायचं. ते सांगणं हाच नियमाचा गाभा.

या नियमाचा फायदा फोटोग्राफर मंडळींनी बरोबर हेरला. लाखो रुपयांचे कॅमेरे नि लेन्स सामानात द्यायच्या म्हणजे जिवाला घोर. शर्यत सुरू करताना फट्ट असा बार काढणारं जे खोटं पिस्तूल असतं, तेही अमेरिकेच्या विमान-सुरक्षेच्या नियमांत बंदुकीसारखंच न्यावं लागतं. म्हणून काही फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पेटीत असं एक पिस्तूल ठेवतात, ते रीतसर जाहीर करतात आणि आख्ख्या पेटीला भक्कम कुलूप ठोकतात. आता ती पेटी कुणी गपचूप उघडत नाही, आणि ती हरवू नये म्हणून सगळ्यांचाच जीव टांगणीला! पूर्ण कायदेशीर आणि फारच हुशार युक्ती.

जे सांगत नाहीत त्यांची कथा वेगळी. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यातल्या जवळपास ९३ टक्के भरलेल्या होत्या. ‘विसरलो’ हे त्यातल्या बहुतेकांचं उत्तर. प्रत्येक प्रवाशाची झडती घेण्याची पद्धत तिथे ५ जानेवारी १९७३ पासून आली, विमान अपहरणांच्या लाटेनंतर. पन्नास वर्षं उलटली तरी लोक विसरतातच.

पाच किलोंचं गणित

काडतुसांना आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत एक साधी मर्यादा आहे: माणशी पाच किलो, तीही खोक्यासकट. ती स्वतःच्या वापरासाठी हवीत, विमान कंपनीची मंजुरी हवी. दोघांची मिळून दहा किलोंची एक पेटी केली तर चालत नाही. ज्याची त्यानं वेगळी बांधायची.

आता गंमत बघा. दक्षिण आफ्रिका एका बंदुकीमागे २०० काडतुसं आणू देते. म्हैस किंवा हत्तीसाठी वापरली जाणारी .३७५ हॉलंड अँड हॉलंड ही १९१२ सालची जुनी, भरवशाची जात. तिचं एक काडतूस साधारण ४० ते ४५ ग्रॅम भरतं. २०० घेतली तर आठ किलोंच्या वर गेली! म्हणजे देशाची परवानगी हातात असूनही विमान शंभर-सव्वाशेवरच हात आखडतं. उलट .२२ ची काडतुसं इतकी हलकी की पाच किलोंत हजाराच्या वर सहज बसतात. दाराशी पोलीस एक आकडा विचारतो, काउंटरवरची बाई वजनकाट्याकडे बोट दाखवते. दोघांचंही समाधान करावं लागतं.

काडतुसं हरवली तर? म्हणून जुने शिकारी सांगतात, दुर्मीळ जातीची रायफल घेऊन फिरू नका. .३०-०६ ही १९०६ पासूनची, .३०८, .३७५ या जाती नामिबियातल्या किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या गावच्या दुकानातही मिळण्याची शक्यता मोठी. हौसेनं बनवून घेतलेल्या खास रायफलीची काडतुसं विमानानं मागे ठेवली, की ती रायफल नुसती काठी उरते.

नेवार्कची एक रात्र

मार्ग निवडण्याचं महत्त्व ज्याला पटत नसेल त्यानं ही हकिगत वाचावी. २००५ साली यूटा राज्यातला एक प्रवासी सॉल्ट लेक सिटीहून पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला. सामानात पिस्तूल होतं. कुलूपबंद, जाहीर केलेलं, सगळं नियमाप्रमाणे. मधला थांबा होता न्यू जर्सीतलं नेवार्क. आधीचं विमान उशिरा आलं, पुढचं चुकलं. रात्र काढायची म्हणून त्यानं सामान ताब्यात घेतलं आणि तो विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपायला गेला. सकाळी परत येऊन काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितलं, की सामानात बंदूक आहे. आणि पोलिसांनी त्याला अटक केली!

कारण न्यू जर्सीचा कायदा कडक. बंदूक घेऊन एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याला १९८६ च्या केंद्रीय कायद्यानं संरक्षण दिलं आहे खरं, पण त्यात अट अशी की वाटेत बंदूक प्रवाशाच्या हाताशी नसावी. रात्रभर बॅग हॉटेलच्या खोलीत होती, म्हणजे हाताशी होती. फौजदारी आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्यानं भरपाईसाठी केलेला दावा अपील न्यायालयानं २०१० मध्ये फेटाळला. विमान त्यानं उशिरा आणलं नव्हतं, हे न्यायाधीशांनाही मान्य होतं. तरी कायदा तो कायदा. मला हा निकाल अतिशय कठोर वाटतो. नियम पाळणाऱ्यालाच त्यात शिक्षा झाली. त्याचं व्यवहारी तात्पर्य मात्र अमेरिकेतल्या बंदूकधारकांनी चांगलंच मनावर घेतलं: बंदूक जवळ असेल तर न्यूयॉर्क-न्यू जर्सीचा थांबा शक्यतो टाळायचा, आणि तिथे अडकलोच तर सामान ताब्यात घ्यायचंच नाही.

परदेशातून अमेरिकेत येणाऱ्यांची अडचण आणखी मजेशीर. अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर सामान उतरवून कस्टमसमोरून न्यावं लागतं, पुढे कॅनडाला जायचं असलं तरी. म्हणजे रायफल ‘अमेरिकेत आली’. त्यासाठी आधी परवाना हवा, आणि तो मिळण्यासाठी परदेशी पाहुण्याकडे त्याला पात्र ठरवणारं एखादं कारण हवं. त्यातलं सगळ्यात सोपं कारण म्हणजे कुठल्याही एका अमेरिकी राज्याचा शिकारीचा परवाना. त्यामुळे ज्याला अमेरिकेत एक ससाही मारायचा नाही असा माणूसही तिथला शिकार परवाना विकत घेऊन फाइलला जोडतो.

यावरून तिकीट काढतानाची दुसरी शिस्त आली: सगळा प्रवास एकाच तिकिटावर. दोन वेगळी तिकिटं असली की मध्ये सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि तिथल्या तिथे तुम्ही त्या देशात बंदूक आणणारे ठरता. एका तिकिटावर दोन विमान कंपन्या असल्या तरी दोघींना वेगवेगळं विचारावं लागतं. पहिली हो म्हणाली म्हणून दुसरी म्हणेल असं नाही.

काळ्या शाईचं पेन

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर उतरलेल्या शिकाऱ्याची खरी परीक्षा पोलिसांच्या शस्त्र कार्यालयात होते. तिथे लागतो ‘एसएपीएस ५२०’ नावाचा अर्ज. तो काळ्याच शाईनं भरायचा. निळं पेन चालत नाही! आणि सगळं भरून झालं तरी सही करायची नाही. सही पोलिसासमोर. विमानात वेळ जात नाही म्हणून उत्साहानं आधीच सही ठोकून आलेल्याला नवा अर्ज घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग पेटी टेबलावर येते. कुलूप मालकानं उघडायचं. फेसाच्या खाचेत रायफल, बाजूला काढून ठेवलेला बोल्ट. पोलीस नळीवरचा किंवा सांगाड्यावरचा क्रमांक वाचतो, अर्जावरच्या क्रमांकाशी ताडतो. तेलाच्या थराखाली बारीक कोरलेला आकडा दिसत नसेल तर विजेरी काढतो. एक आकडा इकडचा तिकडे झालेला असेल तर तिथेच घोडं अडतं. सोबत पासपोर्टची प्रत, तिकीट, शिकार घडवून आणणाऱ्या यजमानाचं निमंत्रणपत्र आणि बंदूक आपलीच असल्याचा पुरावा. एका जातीची एकच रायफल, दोन .३७५ घेऊन येता येत नाही.

आता या पुराव्याची गोष्ट. अमेरिकेत साऱ्या देशाला लागू असा बंदुकीचा मालकी परवानाच नाही. मग दाखवायचं काय? तिथल्या कस्टमचा ‘४४५७’ नावाचा छोटासा फॉर्म आहे. मुळात तो परदेशी बनावटीचं घड्याळ, कॅमेरा, दागिने घेऊन जाणाऱ्यांसाठी. ही वस्तू आधीपासून माझीच आहे, परत येताना माझ्याकडून जकात घेऊ नका, असं सांगणारा. निघण्याआधी कस्टमच्या अधिकाऱ्याला रायफल दाखवायची, त्यानं क्रमांक बघून शिक्का मारायचा. संपलं. आणि हाच घड्याळाचा कागद आफ्रिकेत पोचल्यावर बंदुकीच्या परवान्याच्या मानानं वाचला जातो. सगळ्या आटापिट्यातला हा मला सर्वांत आवडलेला तपशील.

उभ्या उभ्या काही देश

नामिबियात काम सुटसुटीत. विंडहुकच्या विमानतळावर उतरायचं, तिथेच परवाना घ्यायचा. पिस्तूल मात्र चालत नाही. जर्मन शिकाऱ्यांना तर फ्रँकफर्टहून थेट विमानच आहे, मधला देश नाही, मधली भानगड नाही.

कॅनडात २५ डॉलरचा फॉर्म, साठ दिवसांची मुभा; इथेही सही अधिकाऱ्यासमोरच. युरोपीय संघातल्या नेमबाजांना आणि शिकाऱ्यांना १९९१ च्या नियमानुसार बंदुकीचा चक्क पासपोर्ट मिळतो, त्यात प्रत्येक शस्त्राची नोंद असते. ब्रिटनमध्ये पाहुण्यासाठी यजमान पोलिसांकडे अर्ज करतो. न्यूझीलंडमध्ये रायफलीइतकंच बुटांकडे लक्ष असतं. तळव्याला दुसऱ्या देशाची माती चिकटलेली असली तर अधिकारी आधी बूट धुवायला लावतील.

केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली. बोट्सवानानं २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये पुन्हा उघडली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतले सफारीचे मार्ग आज कामाचे नाहीत.

आणि नॉर्वेच्या उत्तरेचं स्वालबार्ड! तिथे वस्तीबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलापासून बचावाची सोय सोबत असावी लागते. म्हणून लाँगइयरब्येनच्या विमानतळावर सामानात रायफल येणं हे कुणाला नवल वाटत नाही. गावातल्या दुकानांच्या दारावर मात्र ‘बंदूक आत आणू नये’ अशा पाट्या आहेत.

कोल्हापूरचे नेमबाज, हवेची नळकांडी

शिकार नाही, पण रायफल घेऊन विमानानं सगळ्यात जास्त कोण हिंडत असेल तर आपले नेमबाज. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर त्याचे शेवटचे नेम पाहिले. स्पर्धा पॅरिसची म्हणायची, पण नेमबाजीचं ठिकाण होतं शातोरू, पॅरिसपासून अडीचशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे विमानातून उतरल्यावरही रायफलींचा प्रवास उरलेलाच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण मिळवलं होतं. अंजली भागवत, सुमा शिरूर, राही सरनोबत या सगळ्यांची कारकीर्द बंदुकीच्या पेट्यांच्या सोबतीनंच घडली.

त्यांच्या अडचणी शिकाऱ्यांहून वेगळ्या. १० मीटर एअर रायफल दाबलेल्या हवेवर चालते. नळीखाली एक नळकांडं असतं, त्यात हवा साधारण २०० बार दाबानं भरलेली. विमानात असं भरलेलं नळकांडं म्हणजे धोका. म्हणून हवा सोडून, नळकांडं सुटं करून न्यायचं. स्पर्धेच्या जागी कॉम्प्रेसर असतो, तिथे पुन्हा भरायचं. शिवाय नळकांड्याला वयोमर्यादा आहे, दहा वर्षांवरचं चालत नाही.

.२२ वाल्यांची काळजी आणखी नाजूक. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसंही उत्पादनाच्या प्रत्येक लॉटनुसार किंचित वेगळी वागतात. अव्वल नेमबाज आपल्या रायफलीला कुठला लॉट मानवतो ते चाचणी घेऊन ठरवतात, आणि तोच लॉट घेऊन फिरतात. विमानतळावर काडतुसं अडली तर ‘तिथे दुसरी घेऊ’ हे उत्तर त्यांना परवडत नाही. मिलिमीटरच्या अंशावर पदक ठरणाऱ्या खेळात खेळाडूनं अर्धी शक्ती काउंटरवर कागद दाखवण्यात घालवावी, हे मला मनापासून खटकतं. शॉटगनवाल्यांना तर गणितच जमत नाही. ट्रॅपच्या पात्रता फेरीतच १२५ निशाणं असतात, तेवढ्यातच पाच किलोंची मर्यादा गाठली जाते. सरावाची काडतुसं तिथेच घ्यावी लागतात.

खिशातलं विसरलेलं काडतूस

बंदूक नसली तरी काडतूस घात करतं. आपल्या विमानतळांवर एखाद्या प्रवाशाच्या बॅगेत जिवंत काडतूस सापडल्याच्या बातम्या नेहमी येतात. घरातल्या कुणाच्या परवान्याचं, जुन्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं. विमान चुकतं, गुन्हा नोंदतात. ते आपल्याजवळ आहे याची जाणीव त्या माणसाला होती का, या मुद्द्यावर पुढे कोर्टातून अनेकांची सुटका झाली आहे; पण तोवर होणारा मनस्ताप काही परत मिळत नाही. म्हणून रेंजवर वापरलेली बॅग प्रवासाला घेऊच नये. घ्यायचीच तर पूर्ण उलटी करून झटकावी.

मनिलामध्ये २०१५ साली याच्या उलट ओरड झाली. विमानतळावरचे काही कर्मचारी प्रवाशांच्या बॅगेत मुद्दाम गोळी सरकवून पैसे उकळतात, असा आरोप झाला. घाबरलेले लोक सामान प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून विमानतळावर येऊ लागले. त्यात भर म्हणजे तिथे काही जण खरोखरच ताईत म्हणून गोळी जवळ बाळगतात.

अंतराळातली शिकारी बंदूक

एके काळी शिकाऱ्यांच्या रायफली बोटीनं जात. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले आणि मार्च १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरातून बोटीनं निघाले. नेपल्सला बोट बदलून एप्रिलमध्ये मोंबासाला पोचले. सोबत रायफलींचा ताफा होता, पोचायला जवळपास महिना लागला. आज अटलांटाहून जोहान्सबर्ग सुमारे पंधरा तासांत येतं.

पण बंदुकीचा सगळ्यात लांबचा हवाई प्रवास सोव्हिएत अंतराळवीरांनी केला. मार्च १९६५ मध्ये अलेक्सी लिओनोव्ह आणि पावेल बेल्यायेव्ह यांचं यान ठरल्या जागेपासून भरकटून पेर्मच्या जंगलात बर्फात उतरलं. आसपास लांडगे-अस्वलांचा मुलूख, मदत लगेच पोचेना. पुढे लिओनोव्ह यांनी आग्रह धरला आणि टीपी-८२ ही तीन नळ्यांची बंदूक तयार झाली. वरच्या दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, खालची रायफलीची. सुटा होणारा दस्ता म्हणजे चक्क कोयता! १९८६ पासून पुढची अनेक वर्षं ती सोयूझ यानांतून वर गेली.

परतीचं सामान

शिकार झाली तरी शिंगं-कातडी शिकाऱ्यासोबत येत नाहीत. त्यावर प्रक्रिया, आरोग्य प्रमाणपत्रं, संरक्षित प्राणी असेल तर आंतरराष्ट्रीय परवाने. काही महिन्यांनी मालवाहू मार्गानं ती पोचतात. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानाजवळ सेसिल हा सिंह मारला गेला आणि जगभर संताप उसळला. ऑगस्टमध्ये डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, म्हैस यांचे अवशेष वाहून नेणं थांबवलं. तो संताप मला योग्यच वाटतो. रायफल मात्र त्यानंतरही विमानात जातेच, बंदी फक्त परतीच्या सामानावर. सेसिल तर रायफलीनं मेलाच नव्हता. त्याच्यावर बाण चालवला होता. धनुष्याला बंदुकीचा परवाना लागत नाही, सामानात द्यायचं नि निघायचं.

कागदांचा हा डोंगर बघून बरेच जण रायफल नेतच नाहीत. यजमान दिवसाच्या भाड्यानं देतो. वाटेत एकापेक्षा जास्त थांबे असतील तर हाच मार्ग शहाणपणाचा, असं माझं मत. काही जण फक्त स्वतःची दुर्बीण नेतात. अमेरिकेत ती हातातल्या सामानातही चालते, इतरत्र विचारून घ्यावं. ती तिथल्या रायफलीवर बसवायची. पहिल्या दिवशी यजमान प्रत्येकाला मैदानावर नेतो. रायफल स्वतःची असो वा भाड्याची, आधी कागदी निशाणावर दोन-चार गोळ्या झाडून नेम जुळवायचा. प्रवासात धक्के बसून दुर्बीण जरा जरी हलली असेल तरी ते तिथे कळतं, आणि ते जुळल्याशिवाय यजमान गाडी रानाकडे वळवत नाही.